चाळिसावं फूल

"ही फुलं विकतची हायत," द्वारकाआत्या म्हणाल्या.

मंगल कार्यालयाच्या त्या लांबट खोलीतली कुजबुज एकदम थांबली. द्वारकाआत्या म्हणजे माझ्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याची, अरविंदची आत्या. अरविंदला आई नव्हती, त्यामुळे वरमाईचा मान, रुसवा आणि तपासणी ही तिन्ही कामं त्यांच्याकडेच होती. परांड्याहून आलेल्या वऱ्हाडातल्या सात-आठ बायका घेऊन त्या रुखवत बघायला आल्या होत्या. लग्नाचा मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा होता आणि घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

"अहो, विकतची कशी असतील आत्याबाई!" आमची आई म्हणाली. "आमच्या हेमीनं स्वतः केलीत. दोन महिने रोज दुपारी माळवदावर बसत होती पोरगी. लिहिलंय की तिथं."

लिहिलं होतं खरं. टेबलाच्या मागे भिंतीवर थर्माकोलची अक्षरं चिकटवली होती, 'चि. सौ. कां. हेमलता हिच्या हातच्या वस्तू'. त्याखाली शेवया होत्या, सांडगे होते, मण्यांचं तोरण होतं, आणि मधोमध दोन पितळी फुलदाण्यांत क्रेप कागदाचे चाळीस गुलाब होते. गुलाबी, पिवळे, आणि सगळ्यांच्या मध्ये एक मोठा गर्द लाल, मेणात बुडवून काढलेला, अगदी पाणी शिंपडल्यासारखा दिसणारा.

मी दारात पत्रावळ्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभा होतो. 'विकतची' हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. बहिणीवर आळ येत होता. पण खरं सांगतो, माझी छाती चार बोटं फुगली. परांड्याच्या एवढ्या जाणत्या बाईला फुलं बाजारातली वाटली, म्हणजे बघा!

कारण ती फुलं मी केली होती. चाळीसच्या चाळीस.

हे कुणालाही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हतं. बार्शीत आमच्या अण्णांचं शिलाईचं दुकान होतं, 'पोरे टेलर्स, फक्त जेंट्स'. त्यातलं 'फक्त' लाल रंगात होतं. अण्णांनी आयुष्यात बायकांचं कापड मशीनखाली घातलं नाही. ब्लाउज घेऊन कुणी आलंच, तर ते पुढच्या गल्लीचा रस्ता असा दाखवत की त्या बाईला आपण काही अपराध केला असं वाटावं. अशा माणसाचा एकुलता मुलगा, वय वर्षं चोवीस, दोन महिने तालमीत जाऊन आलेला, मिशीला रोज सकाळी तूप लावणारा, तो दुपारी माळवदावर बसून पाकळ्या वळतो हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला त्याच मशीनखाली घातलं असतं.

सुरुवात हेमीमुळे झाली. ती बारा वर्षांची असताना आईनं तिला सुट्टीतल्या हस्तकलेच्या वर्गाला घातलं. हेमीचे हात गणिताला चालत, सायकलची चेन चढवायला चालत, पण कागद हातात घेतला की त्याचा बोळाच व्हायचा. एकदा ती रडत घरी आली, म्हणून मी एक फूल करून दिलं. नुसतं गंमत म्हणून. त्याला वर्गात पहिला नंबर मिळाला. मग मी दुसरं केलं. मग मला व्यसन लागलं. हेमी वर जिन्याच्या तोंडाशी रहस्यकथा वाचत पहारा करायची आणि मी पलीकडे सावलीत बसून रवा हळदीत रंगवून पराग करायचो. पहिल्याच दिवशी मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून शपथ घालून घेतली होती, "माझ्या गळ्याची शपथ, कुणाला सांगशील तर मी मरेन." आणि ती म्हणाली होती, "तू शपथ सुटली म्हणेस्तोवर सांगणार नाही."

दहा वर्षं झाली, मी काही 'सुटली' म्हटलं नाही.

इथवर ठीक होतं. पण मला हौस होती कलावंत व्हायची, आणि कलावंताला नाव लागतं. दिगंबर पोरे हे नाव मला कलावंताचं वाटत नव्हतं. शिंप्यानं पोराचं नाव दिगंबर ठेवावं यातला विनोद आमच्या अण्णांना जन्मभर कळला नाही, पण शाळेत तो सगळ्यांना कळत होता. म्हणून मी स्वतःला दुसरं नाव घेतलं. निशिकांत. आरशासमोर मिशीवर बोट फिरवत ते म्हणून बघितलं की अंगावर काटा यायचा. रुखवताच्या प्रत्येक गुलाबाच्या देठात, तारेवर हिरवी पट्टी गुंडाळायच्या आधी, मी नखाएवढी एक चिठ्ठी घालत होतो. तिच्यावर हिरव्या शाईनं लिहिलेलं, 'निशिकांत'. कुणी वाचावं म्हणून नव्हे. आपलं आपल्याला माहीत असावं म्हणून.

लग्नाच्या दिवशी सकाळी फुलदाण्या मांडताना देठ मला जरा ओबडधोबड वाटले. मी खळीला दोष दिला. स्वतःच्या हाताला दोष द्यायची मला सवय नव्हती.

"हातची हायत म्हणता?" द्वारकाआत्यांनी मधला लाल गुलाब उपसला. साहजिक होतं, सगळ्यांत देखणा तोच होता. "विकतच्या फुलाच्या देठात कारखान्याची तार असतीया. आता बघूच की."

आणि त्यांनी नखानं हिरवी पट्टी उलगडायला सुरुवात केली.

माझ्या छातीतली चारही बोटं हवा निघून गेली. तोंड उघडून काहीतरी म्हणावं, फूल हातातून हिसकावून घ्यावं, निदान पत्रावळ्या तरी पाडाव्यात, असं सगळं मनात आलं. केलं यातलं काहीच नाही. पट्टी सुटत गेली, आणि चिठ्ठी आत्यांच्या तळहातावर पडली.

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. मग शेजारच्या चष्मेवाल्या बाईला दिली.

"नि-शि-कांत," त्या बाईंनी मोठ्यानं वाचलं.

"कोण निशिकांत?" आईनं विचारलं.

"ते आम्ही तुम्हाला विचारायचं," द्वारकाआत्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "नवरीच्या हातचं फूल. त्यात परक्या पुरुषाचं नाव. तेही दडवून. आमचा पोरगा साधा हाय, पण आम्ही खुळे न्हाई."

"अहो, काहीतरी घोटाळा असेल. हेमी तशी नाही हो!" आईचा आवाज फुटला.

"मग तिलाच विचारू. मुहूर्त राहू द्या बाजूला."

बायकांचा तो सगळा घोळका शेजारच्या खोलीत गेला. कुणीतरी धावत जाऊन अण्णांना आणलं. त्यांच्या मागोमाग अरविंदचे वडील आले. मीही गेलो, पत्रावळ्यांसकट. त्या खाली ठेवाव्यात हे मला सुचलं नाही.

हेमी पिवळं लुगडं नेसून, मुंडावळ्या बांधून गौरीहरापुढं बसली होती. मुठीत तांदूळ होते. आत्यांनी चिठ्ठी तिच्यापुढं धरली.

"पोरी, घाबरू नको. खरं सांग. हा निशिकांत कोण?"

हेमीनं चिठ्ठी बघितली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी पत्रावळ्यांच्या मागून तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही सांगणार. सुटलो एकदाचा. मेलो, पण सुटलो.

"मला माहीत आहे," हेमी म्हणाली. "पण सांगता येत नाही. शपथ आहे."

"कुणाची शपथ?"

"त्याचीच. त्याच्या गळ्याची."

आई मटकन खाली बसली. एका बाईनं तोंडाला पदर लावला. अरविंदच्या वडिलांनी टोपी काढली आणि ती हातात गोल फिरवत उभे राहिले. अण्णांचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. ते हेमीकडं बघत नव्हते, भिंतीकडं बघत होते.

"म्हणजे त्याच्या जिवाची एवढी काळजी," द्वारकाआत्या हळूच म्हणाल्या. "आणि आमच्या अरविंदाच्या अब्रूची?"

"तो सुटली म्हणाला की सांगते," हेमी म्हणाली. "त्याआधी नाही."

"आता त्याला कुठून बोलवायचा? कुठं असतो तो?"

हेमीनं मुठीतले तांदूळ घट्ट धरले. माझ्याकडं तिनं परत बघितलं नाही.

आता मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. पण त्या खोलीत अण्णा होते. दारात माझे तालमीतले दोन दोस्त जिलबीची परात घेऊन उभे होते. आणि माझ्या मनात, बहिणीचं लग्न मोडायला आलं असताना, हा विचार आला की, 'उद्यापासून हे मला फूलवाली म्हणतील.' मी हे लिहितो आहे कारण लिहायला सोपं आहे. तेव्हा तिथं मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. अकरा एकतीस. अकरा बत्तीस. मनाशी म्हणत होतो, काहीतरी होईल, दुसरं कुणीतरी काहीतरी करेल. अकरा छत्तीसला अरविंदच्या वडिलांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"चला," ते म्हणाले. "पोरांना म्हणावं, गाडी लावा."

"हेमे," मी म्हणालो. "सुटली."

आवाज इतका बारीक निघाला की कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. फक्त हेमीनं मान वर केली.

"सुटली!" मी ओरडलो. पत्रावळ्या हातातून पडल्या आणि खोलीभर पसरल्या.

"दादाच निशिकांत आहे," हेमी लगेच म्हणाली. दहा वर्षं दाबून ठेवलेलं एका श्वासात बाहेर आलं. "फुलं सगळी दादानं केली. मला कागद कापतासुद्धा येत नाही."

मला वाटलं होतं, आता भूकंप होईल. झालं उलटंच. द्वारकाआत्यांनी माझ्याकडं, माझ्या मिशीकडं, वर सारलेल्या बाह्यांकडं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"भाऊ असावा तर असा," त्या म्हणाल्या. "बहिणीची अब्रू राखायला काय काय अंगावर घेतोय."

"खरंच मी केली," मी म्हणालो.

"गप बस दिग्या," अण्णा म्हणाले. "आधीच शोभा झाली तेवढी पुरे."

"अण्णा, खरंच. माळवदावर."

"पुरुषासारखा पुरुष तू..."

म्हणजे ज्या गोष्टीची मला दहा वर्षं भीती वाटत होती, ती मी अखेर छातीठोकपणे कबूल केली, तर कुणी विश्वासच ठेवेना. तालमीतल्या दोस्तांपैकी एकजण तर माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

हेमी उठली. गौरीहरापासून उठायचं नसतं, पण ती उठली. "मग करून बघा की त्याच्याकडून. अर्धा तास आहे अजून."

असा मी, दिगंबर पोरे, बहिणीच्या मुहूर्ताला अर्धा तास असताना, पंधरावीस बायकांच्या मधोमध पाटावर मांडी घालून बसलो. मांडवाची गुलाबी क्रेपची झालर कुणीतरी ओरबाडून आणली. लायटिंगवाल्यानं वीतभर तार तोडून दिली. चिकटवायला मुदपाकखान्यातून वाटीभर गरम भात आला. कात्री मात्र मिळेना. शेजारच्या नाईकमामांनी सुपारीचा अडकित्ता पुढं केला.

तेव्हा अण्णा पुढं आले. कोटाच्या आतल्या खिशात ते कायम एक छोटी कात्री ठेवत, काजं कापायची. स्वतःच्या लग्नातसुद्धा ती त्यांच्या खिशात होती म्हणतात. माझ्या हाताला ती कधी लावू दिली नव्हती. ती त्यांनी काढली, माझ्यापुढं ठेवली आणि मागं जाऊन उभे राहिले.

पहिली पाकळी फाटली. दुसरी वाकडी कापली गेली. मिशीवरून घाम ओघळून कागदावर पडला आणि तिथं गुलाबी डाग पसरला. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "जाऊ द्या हो, कशाला गरिबाचा छळ करता."

'गरीब' या शब्दानंच काम केलं. मला राग आला. अब्रूसाठी नव्हे, खरं सांगतो, कलेसाठी. मी पाकळ्या एकावर एक ठेवून एकदम कापल्या. एकेक घेऊन दोन्ही अंगठ्यांनी मधे ताणली, तशी तिची वाटी झाली.

"कुणाकडं केसाचा आकडा आहे का?" मी विचारलं.

द्वारकाआत्यांनी स्वतःच्या अंबाड्यातला काढून दिला. त्यावर मी पाकळीच्या कडा वळवल्या, बाहेरच्या जास्त, आतल्या कमी. तारेच्या टोकाला पहिली पाकळी घट्ट गुंडाळली, मग दुसरी तिच्या समोर, मग तीन, मग पाच. भाताच्या शितांनी देठ चिकटवला. मान खाली होती, त्यामुळं बायका कधी पुढं सरकून वाकल्या ते मला कळलं नाही. फूल झालं. लाल गुलाबाइतकं नाही, पण गुलाब होता.

द्वारकाआत्यांनी दोन्ही फुलं शेजारी शेजारी धरली. पाकळ्या मोजल्या. कडेवर बोट फिरवलं.

"हात त्योच हाय," त्या म्हणाल्या. मग हेमीकडं वळल्या. "मग गं, भावानं फुलं केली, तू काय केलंस?"

"शेवया आईच्या, सांडगे मावशीचे," हेमी म्हणाली. "मला सायकलचं पंक्चर काढता येतं."

मी डोळे मिटले. आता मात्र संपलं.

"अरविंद रोज सात मैल सायकलनं शाळंत शिकवायला जातोय," आत्या म्हणाल्या. "आठवड्याला दोनदा चालत घरी येतो. फुलं काय चाटायची आम्हाला? बस खाली गौरीपुढं. आणि गुरुजींना म्हणावं, मंगलाष्टकं लवकर आवरा."

बारा सातला अक्षता पडल्या. कानपिळीच्या वेळी मी नवऱ्या मुलाचा कान धरला, तेव्हा अरविंद पुटपुटला, "जरा हळू, निशिकांतराव." परांड्याकडचे लोक आजतागायत मला त्याच नावानं हाक मारतात. कानपिळीचा आहेर म्हणून मला पॅन्टचं कापड मिळालं.

अण्णांनी त्या दिवशी कात्री परत मागितली नाही.

पाठवणीच्या आधी रुखवत बांधायचं काम माझ्याकडं आलं. अजून एकोणचाळीस फुलं होती आणि एकोणचाळीस चिठ्ठ्या. त्या परांड्याला जाऊन एकेक करून सुटायला लागल्या म्हणजे! कोपऱ्यात बसून मी घाईघाईनं पहिल्या फुलाचा देठ सोडला. आत चिठ्ठी नव्हती. दुसऱ्याचा सोडला. नव्हती. दहा-बारा सोडले, एकातही नाही. मग मी नीट बघितलं. पट्ट्या माझ्या हातच्या नव्हत्याच. एकावर एक चढलेल्या, गाठी आलेल्या, खळीनं लडबडलेल्या. कागद हातात घेतला की बोळा करणारे हात आमच्या घरात एकाच माणसाचे होते.

बाहेर बँड सुरू झाला होता. विचारायला वेळ मिळाला नाही.

नागपंचमीला हेमी माहेरी आली. दुपारी अण्णा दुकानात गेल्यावर आम्ही सवयीनं माळवदावर गेलो. तिनं पदराच्या गाठीतून काजळाची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. डबीत चिठ्ठ्या होत्या, हिरव्या शाईच्या, दाटीवाटीनं बसवलेल्या.

"एकोणचाळीस आहेत," ती म्हणाली. "हळदीच्या आदल्या दिवशी मला एक देठ जाड लागला. उघडून बघितलं तर तुझा पराक्रम. अख्खी दुपार बसले होते. बोटं सोलली माझी."

"आणि चाळिसावी? ती राहिली वाटतं?"

"राहिली नाही, राहू दिली. ते लाल फूल तू पाच दिवस करत होतास. त्यात तरी नाव असू दे म्हटलं."

 मी उगीच मिशी चोळली. "तुझं लग्न मोडलं असतं की गं," मी म्हणालो. "गाडी लावायला सांगितली होती त्यांनी. तू सरळ माझं नाव का नाही घेतलंस? सहा मिनिटं मी नुसता उभा होतो आणि तू गप्प."

"शपथ होती ना. तुझ्या गळ्याची."

"तुला काय, खरंच वाटत होतं मी मरेन? मॅट्रिकला गणितात पंच्याण्णव मिळवलेस तू!"

हेमी डबीचं झाकण लावत होती. ते नीट बसत नव्हतं, म्हणून तिनं अंगठ्यानं दाबलं.

"पंच्याण्णव मिळाले म्हणून काय झालं," ती म्हणाली. "भाऊ एकच आहे मला. कशाला उगीच."